खांब आणि हरभऱ्याच्या दोन ओळी

चार फेब्रुवारीला मोजणी होती, म्हणून सकाळीच विळा घेऊन बांधावरचं गवत काढलं. त्या बांधावरून चुलत दीर आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो.

मोजणीवाली बाई नेकनूरच्या एसटीनं आली. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र तिच्या खांबाला लावलेलं होतं. खांब टेकवला की तो सरळ आहे का हे दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ती श्वाससुद्धा रोखून धरायची. चहा तिनं दोन्ही घरचा नाकारला.

"मॅडम, जरा तिकडं सरका की," दीर म्हणाले.

"मी सरकंन, दादा. जागा सरकत न्हाई."

मला हसू आलं. पण तिनं शेवटची खूण रोवली ती माझ्या हरभऱ्यात. कडेच्या दोन ओळी दिरांच्या रानात निघाल्या. आकडे तिनं दोघांनाही दाखवले.

"मागं साखळीनं मोजलं तवा टोक कुणी धरलतं?" तिनं विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी," मी म्हणाले.

"लई जोरात ओढलीय."

दीर हसले. दोन ओळी गेल्याचं वाईट वाटलं, पण वाद मिटल्याचं बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "भाऊजी, तुमचा हरभरा काढणीला आलाय."