ताईबाईंनी निवडलेली शीर

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कुणाचं काही अडलं की बायका ताईबाई ओव्हाळांचं दार वाजवायच्या. पोरीला कुठल्या शाळेत घालू, सुनेला माहेरी कवा धाडू, सगळं त्यांना विचारून. ताईबाई मांडवगण फराट्याच्या. बोलणं एक घाव दोन तुकडे, आणि एकदा बोलल्या की मागं घेणं नाही. नवरा साहेबराव यार्डात पॉइंट्समन, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. ते तर शर्टाचा रंगसुद्धा बायकोलाच विचारायचे आणि वर हसायचे, "ठरवायचं खातं आमच्या घरात हिच्याकडं हाय."

१९९६च्या उन्हाळ्यात ड्युटीवर असताना साहेबरावांच्या हातातून झेंडी गळून पडली. तोंडातून शब्दच फुटेना. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. रेल्वेच्या डॉक्टरांनी त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात धाडलं.

तिथल्या सर्जननं दोघांना समोर बसवून नीट समजावलं. मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी शीर आतून तुंबली होती. ती उघडून साफ करायची, मग शिवायची.

"नुसती कडेला कड लावून शिवली तर वाट अरुंद होते, पुन्हा तुंबायची भीती राहते," डॉक्टर म्हणाले. "म्हणून मी वरून एक तुकडा जोडतो. तो कारखान्यात विणलेल्या कापडाचा असतो, नाहीतर पेशंटच्याच पायातल्या शिरेचा. कापडात कधीतरी पू धरतो. पायाची शीर कधीतरी कच्ची निघते. दोन्हींत सरस कुठलं, ते आम्हा डॉक्टरांतसुद्धा अजून ठरलेलं नाही. तुमच्या मनात काय आहे?"

साहेबरावांनी सवयीनं बायकोकडं पाहिलं.

"कापड कशाला? त्यांच्याच अंगातलं घ्या," ताईबाई म्हणाल्या. "आपलं ते आपल्याला धरून ऱ्हातंय."

डॉक्टरांनी मान डोलावली.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी साहेबराव बोलले, उपमा खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायला उठून बसले. "मंगळवारी सोडत्याल म्हणं," एवढं बोलले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. पट्टीखाली मान फुगली. बघता बघता पट्टी लाल झाली. नर्सा धावल्या, खाट ओढत आत नेली. ताईबाईंच्या हातात कप तसाच राहिला.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "जोडलेली शीर फाटली," ते म्हणाले. पुढं बरंच काही सांगत होते, पण ताईबाईंच्या कानात तेवढंच शिरलं.

साहेबराव गेले. शीर आपण निवडली होती, हे ताईबाईंनी कुणाला सांगितलं नाही. थोरला सतीश सणसवाडीच्या कंपनीत लागला आणि तिथंच खोली घेऊन राहू लागला. धाकटी गौतमी दहावी पास झाली, हातात फॉर्म घेऊन आईपुढं बसली. "आई, सायन्स घेऊ का आर्ट्स?"

"मला नको इचारूस."

"मग कुणाला विचारू?"

"मला नको इचारूस म्हंते ना!" ताईबाई एवढ्या जोरानं ओरडल्या की पोरगी फॉर्म तिथंच टाकून बाहेर निघून गेली. आईला आपलं काही पडलेलं नाही, असं तिनं मनाशी धरलं ते धरलंच. क्वार्टर सुटलं, ताईबाई वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत आल्या. हळूहळू बायकांनीही विचारायचं सोडलं. दुकानात गेल्या तरी ताईबाई म्हणायच्या, "द्या काय बी."

गौतमी पुण्यात नर्सिंगला गेली. २००३ साली एका रविवारी घरी आली होती. जेवताना म्हणाली, "या आठवड्यात थिएटरला ड्युटी होती. आप्पांचं झालं होतं ना, तसलंच ऑपरेशन बघितलं."

ताईबाईंचा घास हातातच राहिला. "कापड लावलं का शीर?"

"शीर. पण मांडीची. सर म्हणाले, घोट्याजवळची घेऊ नये, ती पातळ असती, फाटती. पूर्वी घ्यायचे."

ताईबाईंनी घास ताटात ठेवला. म्हणाल्या, "त्यास्नी शेवटची आंघोळ घातली तवा टाकं घोट्यापाशी होतं." आणि सात वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांचा प्रश्न आणि आपलं उत्तर त्यांनी पोरीला सांगितलं.

गौतमी ताट सारून आईजवळ सरकली. "आई, तू शीर म्हणालीस. कुठली काढायची ते तू नव्हतं ठरवलंस."

"आन् मी कापड म्हणाले असते तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. गौतमीच्या ओठावर आलंही होतं. "माहीत नाही गं," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही."

"मी त्यांच्यासाठी रडलेच न्हाई गं," ताईबाई म्हणाल्या. "सात वर्सं माझ्या ह्या जिभंलाच शिव्या देत बसले. त्यांच्यासाठी रडायचं ऱ्हाऊनच गेलं."

आणि मग त्या रडल्या. साहेबरावांचं नाव घेऊन, भरल्या घरात मयत पडल्यासारख्या मोठ्यानं. शेजारच्या तुळजाबाई धावत आल्या आणि काय झालं म्हणून विचारत दारातच थांबल्या. गौतमीनं आईला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. त्या दिवशी ती पुण्याच्या चारच्या शटलनं गेली नाही.