नारंगीभाऊंची बादली

नारंगीभाऊंच्या उजव्या हाताची बोटं बाराही महिने पिवळी असायची. भाऊंना अजून हळद लागलेलीच आहे, अशी बायका त्यांची थट्टा करत आणि ते खुशीत हसत. खरं तर तो एका कंपनीच्या नारंगी सरबताच्या पुडीचा रंग होता. अर्जुनी मोरगावच्या आसपासच्या गावांत त्या कंपनीच्या पुड्या सायकलवरून पोचवणारा माणूस हा एकच. त्यामुळे त्यांचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं. मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा गावातला पहिला पेला त्यांनीच माझ्या हातात ठेवला.

पुडीवर त्यांची भक्ती होती. कुणी दुसऱ्या कंपनीची पुडी चांगली म्हटलं तर ते वाद घालत नसत, त्या माणसाशी दोन दिवस बोलणंच सोडत. मला म्हणायचे, "आपल्या पुडीचं नाव आहे, मास्तर. पाहुण्यापुढं ठेवाले लाज नाही वाटत." ते खोटं नव्हतं. एके काळी ज्या घरी पाहुण्याला ती नारंगी मिळे, त्या घराचं नाव आठवडाभर गावात निघे. त्या मानातला थोडा वाटा भाऊंकडेही येई आणि तो ते इस्त्रीच्या सदऱ्यासारखा जपून वापरत.

उन्हाळ्यात लग्नं निघाली की त्यांना बोलावणं ठरलेलं. वरात दारात येण्याआधी सरबत कालवायचा मान त्यांचा. आधी साखर, ती पूर्ण विरघळेपर्यंत लाकडी दांड्याने ढवळायचं आणि मग लोट्यात वेगळी भिजवलेली पुडी ओतायची. घाई करणाऱ्याला ते दटावत, "साखर विरली नाही अन् पुडीले कायले बदनाम करता?" बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी रायपूरला दिलेली. घरी ते एकटेच रांधत, एकटेच जेवत. एकदा सहज बोलून गेले, "लग्नं आहेत म्हून माणसं भेटतेत जी. नाही तं माह्यासंग बोलते कोण?"

मग मोबाइलवर तो मेसेज आला. नारंगी पुडीच्या रंगाने लहान मुलांची किडनी जाते, एका गावात दोन मुलं दवाखान्यात आहेत, सर्वांना पाठवा. गावाचं नाव नव्हतं, दवाखान्याचं नव्हतं, पुडीचा फोटो मात्र ठसठशीत. मुलांच्या वह्यांतली एकेक चूक लाल शाईने पकडणारा मी, काहीही न तपासता तो पालकांच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. मास्तरांनी पाठवला म्हणजे खराच, असं गावाने धरलं. आठवडाभरात दुकानांनी पुड्या परत केल्या. पुढे मेसेज खोटा निघाला, तेही मला कळलं. पण आपण टाकलेलं आपणच कसं खोडायचं, या लाजेने मी तोंड मिटून बसलो.

त्या वैशाखात माझ्या शेजारच्या घरी लग्न होतं. बोलावणं नसतानाही भाऊ आपला दांडा घेऊन आले. मांडवात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचे खोके आधीच रचलेले होते. त्यांना कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांनी कोपऱ्यात एक बादली मांडली. आधी साखर, मग पुडी, सगळं रीतसर केलं आणि एक पेला स्वतः सगळ्यांदेखत प्याले. वरात आली, बाटल्या उघडल्या, मुलांना त्यांच्या आयांनी हाताला धरून तिकडे नेलं. बादली काठोकाठ भरलेलीच राहिली.

शेवटी भाऊ पेला घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "घ्या जी, मास्तर. सकाळपासून तुमचीच वाट पाहून राहिलो."

सगळा मांडव बघत होता. मी तो प्यालो असतो तर बादली रिकामी झाली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. मी म्हणालो, घसा बसलाय.

भाऊंनी पेला मागे घेतला. हळूच म्हणाले, "मेसेज तुमच्या ग्रुपातून फिरला म्हणतेत. पण तुम्ही नसन टाकला. तुमाले तं माहीत आहे, मी कसा बनवतो." मग बादली उचलून ते मांडवामागे गेले. ती ओतली, विसळली, पालथी घातली आणि न जेवताच निघून गेले.

पावसाळ्याआधी मुलगी त्यांना रायपूरला घेऊन गेली. चौथ्या मजल्यावर घर. फोनवर एकदा म्हणाले, "इथं कोणी कोणाले पाणी नाही विचारत जी." बोटांचा रंग पार गेला, हेही सांगितलं. मी त्यांना काही सांगायचं ठरवलं होतं, पण पुढच्या फोनवर ढकललं. यंदा दिवाळीनंतर, गावोगाव मंडईची जत्रा भरते त्या दिवसांत, ते वारल्याची बातमी आली.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. नारंगी पुडीचा तो मेसेज खोटा होता, तो मी टाकला होता, चूक माझी. मग एका पालकाचं उत्तर आलं.

"कोणता मेसेज, सर?"