दुर्गाबाईचे हात

भातकुलीत कोणाचा पाय मुरगळला, बाळंतिणीची कंबर धरली, की बोलावणं दुर्गाबाईला. तिचे हात दणकट, आणि तोंड हातांहून दांडगं. "कायले ओरडून राहिला? पायच हाये थो, जीव नाई," असं दटावत ती भल्याभल्यांना सरळ करी.

नवरा पुंजाजी अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हमाल. सुट्टीला घरी आला की ती जवसाचं तेल कोमट करून त्याचे पाय दाबायची. पुंजाजी एरवी घुम्या. पण पाय दाबायला घेतले की त्याला वाचा फुटे. दोघांचं बोलणं काय ते तेवढ्यातच व्हायचं.

पासष्टाव्या वर्षी त्याची कंबर बसली. दुर्गाबाईच्या हातानंही दुखणं हटेना. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला, हाडं आतून पोखरणारा. नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि खरंच गुण आला. पुंजाजी काठी टेकत अंगणात येऊन बसू लागला, तेव्हा या बाईनं गल्लीभर गूळ वाटला.

मग त्याचा डावा पाय सुजला. पोटरी लाल, तापलेली. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "या औषधांनी कधी कधी शिरेत रक्त गोठतं. तशी गुठळी झाली आहे. पाय दाबायचा नाही, चोळायचा नाही. गुठळी सुटली तर छातीत जाईल."

आता करायचं काय? जन्मभर जे केलं, तेवढंच नेमकं करायचं नाही. दुर्गाबाई दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी हात मांडीखाली दाबून बसून राही.

"दाब ना वं थोडासाक," पुंजाजी कळवळून म्हणे. "साऱ्या गावाचे पाय चालतात तुले, माहाच नाई चालत?"

"डॉक्टर नाई म्हणते जी."

नणंद मैनाबाई भेटायला आली. भावाचं कण्हणं ऐकून तिनं पदर खोचला आणि पायाला हात घातला. दुर्गाबाईनं तिचं मनगट धरलं. मैनाबाई भडकली, "इथं मजुरी भेटत नाई म्हणून नाई दाबत का वयनी?" हे ऐकून पुंजाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तो बायकोशी बोलला नाही.

दोन दिवसांनी, भरदुपारी, त्याला धाप लागली आणि तो गेला. गुठळी छातीत गेली होती.

"कोणीच हात नाई लावला जी," दुर्गाबाई डॉक्टरांना म्हणाली.

"कधी कधी ती आपोआप सुटते, बाई," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

घरी आणल्यावर आंघोळीचं पाणी तापलं. दुर्गाबाईनं जवसाचं तेल मागितलं. नवऱ्याचा डावा पाय मांडीवर घेऊन ती घोट्यापासून वर दाबू लागली. पोटरीवरून, गुडघ्यापर्यंत, पुन्हा खाली. पाणी निवत चाललं, पण तिला थांबवायची कोणाची छाती होईना. मैनाबाई दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती.

"घ्या, दाबून राहिली मी," दुर्गाबाई त्याच्याकडे वाकून म्हणाली. "आता तरी बोला."