अर्धा तास कॅरम
कॅरमला टाइमपास म्हणणाऱ्या माणसाशी माझे बाबा आठवडाभर बोलत नसत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी नोकऱ्या बऱ्याच बदलल्या, बोर्ड मात्र एकच ठेवला. वाकोल्याच्या आमच्या खोलीत जेवणाची ताटं उचलली की तो पलंगाखालून बाहेर यायचा. स्ट्रायकर कसा धरायचा, पावडर किती टाकायची, दुसरा खेळत असताना तोंड कसं बंद ठेवायचं, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. तोंडाचं तेवढं मला पूर्ण जमलं नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. खेळायचा हात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे ते खाली उतरेनासे झाले. मी तोवर मुलुंडला संसार थाटून, शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून महिलांच्या स्पर्धा खेळायला लागले होते. भेटायला गेले की ते एकच म्हणायचे, "तुझी एक फायनल माका बघूची आसा गो." मोबाइलवर दाखवून पाहिलं. एवढ्याशा पडद्यावर त्यांना काळी कुठली आणि पांढरी कुठली ते कळेना. टीव्हीवर येईल तेव्हा बघेन, म्हणाले. महिलांचा कॅरम आणि टीव्हीवर! पण हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आमची स्पर्धा घाटकोपरच्या एका हॉलमध्ये होते. त्या वर्षी तिथल्या एका फरसाणवाल्या शेठजींनी प्रायोजक व्हायचं कबूल केलं आणि त्यांच्या ओळखीने एका स्थानिक केबल वाहिनीने रविवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच थेट प्रक्षेपण द्यायचं मान्य केलं. मी फायनलला पोचले. साडेचारला वाकोल्याला वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा चारपासून बसलेत. दाढी करून घेतली माझ्याकडून."

पाच वाजले. बोर्डावरचा दिवा लागला. मी स्ट्रायकर हातात घेतला आणि निवेदिका म्हणाली, "प्रथम आपण मान्यवरांचा सत्कार करू या."

आपल्याकडे सत्कार केल्याशिवाय पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा उघडत नाहीत. नऊ पाहुणे होते. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, गुच्छ आणि त्या प्रत्येकाची ओळख. मग शेठजींचं मनोगत. ते लहानपणी कॅरम कसा खेळायचे हे सांगत होते आणि कॅरम खेळायला आलेल्या आम्ही दोघी बाजूला उभ्या होतो. आयोजन समितीत मीही होते आणि पाहुण्यांच्या यादीतली तीन नावं मीच सुचवली होती, तेव्हा दुसऱ्या कुणाला शिव्या घालायचीही सोय नव्हती. पाच वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही बसलो. माझ्या तीन सोंगट्या गेल्या असतील, तोच कॅमेरावाले काका कॅमेरा आवरायला लागले. म्हणाले, "टाइम संपला, मॅडम. आता भजन आहे."

ती फायनल मी जिंकले. चषक घेऊन तशीच वाकोल्याला गेले. बाबा अजून टीव्हीसमोरच होते. चषकाकडे बघून म्हणाले, "शाली बघलंय, नारळ बघलंय. खेळ खंय होतो?"

मला रागाने रडू आलं. चषक वहिनीने फ्रिजवर ठेवला.

पुढच्या वर्षी समितीच्या पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, पाचच्या ठोक्याला खेळ सुरू होईल. पंचवीस गुणांचा एकच गेम, म्हणजे अर्ध्या तासात बसेल. सत्कार नंतर करा, रात्री बारापर्यंत करा.

आमच्या सेक्रेटरीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, पाहुणे शालीशिवाय अर्धा तास बसतील का? आणि शेठजी गेले तर वाट लागेल आपली."

"जाऊ दे ना. मागच्या वर्षी शेठजी होते, तरी खेळ दिसला का?"

दोघी शेठजींकडे गेलो. त्यांनी बसवलं, ढोकळा मागवला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, कॅरम कोण बघणार? लोक माणसं बघतात. मागच्या वर्षी माझ्या आईने मला पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं. अजून सांगते सगळ्यांना."

या माणसावर मनसोक्त चिडायचं ठरवून मी आले होते आणि ते आता जमेना. मी म्हटलं, "शेठजी, माझे बाबा वर्षभर हेच सांगतायत की त्यांनी मला पाहिलं नाही."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. निघताना दोघींच्या हातात शेवेची पिशवी दिली, आणि प्रायोजकत्व काढून घेतलं.

मग मी दारं वाजवायला लागले. दर शनिवारी शाळा सुटली की निघायचे, मुलुंडपासून गोरेगावपर्यंत. पहिला प्रश्न सगळीकडे तोच, "क्रिकेट आहे का?" एका व्यायामशाळेच्या मालकाने विचारलं, यात घाम येतो का. मी म्हटलं, तुमच्यासारखी माणसं भेटली की येतो. तिथलंही गेलं. सेक्रेटरीबाईंनी मला यापुढे एकटीने बोलायचं नाही अशी तंबी दिली.

शेवटी आमच्याच गल्लीतल्या पोळीभाजी केंद्राच्या बाई तयार झाल्या. त्यांनी शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना ओढलं, त्या ताईंनी पिठाच्या गिरणीवाल्यांना. एका शेठजींच्या जागी तिघं उभी राहिली. सत्काराचं विचारलं तर पोळीभाजीच्या बाई म्हणाल्या, "शाल घेऊन काय करू गं, भट्टीसमोर उभी असते मी. माझी पाटी तेवढी दिसू दे."

केबलवाल्यांच्या दारात सहा वेळा बसले तेव्हा वेळ मिळाली, तीच, पाच ते साडेपाच. कॅमेरावाले काकाही तेच. मागच्या वर्षी त्यांनी कॅमेरा लांब ठेवला होता, त्यातून नुसत्या आमच्या वेण्या दिसल्या. या वेळी मी त्यांना आदल्या दिवशी हॉलवर नेलं. वरून घ्यायचं तर दिव्याची शेड मधे येत होती, आणि दिवा काढला तर हाताच्या सावलीत सोंगट्या दिसत नव्हत्या. काकांनी बराच वेळ वर बघितलं, मग दिव्याच्याच दांड्याला एक छोटा कॅमेरा बांधला.

रविवारी पाचला पंचांनी हात वर केला आणि खेळ सुरू झाला. हॉलमध्ये चिडीचूप. समोर गोरेगावची एक नर्स होती, थंड डोक्याची. गुण कधी तिचे पुढे, कधी माझे. शेवटच्या डावात माझ्या दोन सोंगट्या आणि राणी राहिली. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती पक्की, म्हणजे कव्हर, करावी लागते, नाहीतर ती परत मधे येते. मी भोकाच्या तोंडावरची सोपी सोंगटी आधी घातली. मग राणी घेतली. पक्की करायला उरली ती अवघड सोंगटी, आणि ती काठाला लागून परत आली. राणी मधे गेली. नर्सने पुढच्या पाळीत सगळं आवरलं. साडेपाचला दोन मिनिटं कमी होती.

हरल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सत्कार सुरू व्हायच्या आत मी निघाले. वाकोल्याचे तीन जिने चढताना एकच विचार मनात होता, या वेळी तरी दिसलं असेल ना.

वहिनीने दार उघडलं आणि नुसतं आत बोट दाखवलं. पलंगाखालचा बोर्ड किती वर्षांनी बाहेर आला होता. बाबा त्याच्याजवळ वाकून बसले होते आणि डाव्या हाताने सोंगट्या सरकवत होते. माझ्या दोन पांढऱ्या, तिची काळी, काठाजवळ राणी. सगळं जिथल्या तिथे.

मी चप्पल काढायच्या आतच ते सुरू झाले. "राणी आधी घेवची होती. सोपी सोंगटी कव्हराक ठेवची. लहानपणापासून सांगतंय तुका."

"चुकलं, बाबा."

"बस. खेळ."

मी बसले. डोळ्यांत पाणी होतं, पुसलं आणि राणी घेतली. मग सोपी सोंगटी घातली. दोन्ही गेल्या.

"मगे तेव्हा काय झाला होता?" बाबा म्हणाले, आणि डाव्या हाताने परत सोंगट्या मांडायला लागले.