पिवळ्या धातूचे एक पेन

इतकी वर्षं झाली निवृत्त होऊन, तरी ते पेन आणि ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या वेळी मी गंगाखेड भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता आणि ठाण्यात उसाच्या ट्रॅक्टरांच्या भांडणांशिवाय दुसरं काम नव्हतं.

एके दुपारी एका सराफाचा फोन आला. दुकानात एक माणूस जुनं सोन्याचं पेन घेऊन आलाय, कपड्यांवरून मजूर वाटतो, म्हणाला. मानवतच्या एका व्यापाऱ्याकडे चोरी झाली होती आणि फिर्यादीत दागिन्यांबरोबर सोन्याचं फाउंटन पेनही होतं. सराफांना तशी सूचना आम्हीच दिली होती.

त्याला ठाण्यात आणलं. माणूस चाळिशीचा, कारखान्यावर हंगामी कामगार. घाम पुसत पुन्हा पुन्हा एकच सांगत होता.

"साहेब, इकायला न्हाई आलो. टोपणाची कडी तुटली, ती डाग देऊन जोडून घ्यायची व्हती. पेन माझ्या मायचं हाय."

"माय काय करते?"

"शेतात जायची. आता घरीच असती."

आमच्या जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मजूर बाईकडे सोन्याचं पेन, हे कुणाच्याही गळी उतरणारं नव्हतं. माझ्याही नाही.

पंच बोलावले, सराफानं काटा आणला. पंचनाम्यात लिहिलं, 'पिवळ्या धातूचे एक पेन.' कसाला लागून सिद्ध होईपर्यंत पोलिसांच्या लेखी जगातलं सगळं सोनं पिवळा धातूच असतं. सराफानं निब कसोटीवर पाहिली. सोनं निबेत खरं, बाकी सगळा मुलामा. सोन्याच्या भावानं त्याला फारशी किंमत नव्हती. जुन्या वस्तूंचा शौकीन भेटला तर मात्र मागेल तो भाव देईल, असं त्याचं म्हणणं पडलं. मग पेन लाखेच्या सिलात बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पेन ओळखायला व्यापारी आले, कामगारालाही बोलावून घेतलं होतं. पंचांसमोर सील फोडलं. "हेच," ते पेनाकडे नीट पाहायच्या आधीच म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. हरवलेली वस्तू ओळखताना माणसाला वस्तू दिसत नाही, स्वतःचं नुकसान दिसतं. पण त्या एका शब्दावर कामगाराला अटक होणार होती. हंगामातलं काम तर गेलंच असतं, वर जन्मभर चोर म्हणवून घेणं आलं असतं.

त्याच्या आईला जबाबासाठी नोटीस देऊन बोलावलं होतं, ती तेवढ्यात ताडकळसच्या गाडीनं येऊन पोचली. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ. लेकाकडे एकदा पाहिलं आणि बाकावर बसली. नोटिशीच्या प्रतीवर पोच घ्यायची म्हणून जमादारांनी शिरस्त्याप्रमाणे शाईचं पॅड उघडलं आणि तिचा उजवा अंगठा धरला. बायकांचा उजवा, पुरुषांचा डावा, हा आमचा पाठ.

तिनं हात काढून घेतला. "अंगठा कामून घेता? मला सही येती."

जमादारांनी खिशातलं बॉलपेन दिलं. तिनं ते परत केलं.

"ह्यानं न्हाई जमत. माझं ते द्या, टेबलावरलं."

व्यापारी हसले. मी पंचांना जवळ बोलावलं आणि पेन तिच्यापुढं ठेवलं. शाई वाळली होती. तिनं पाण्याच्या गिलासात निब बुडवली, पदराला टिपली आणि पेन डाव्या हातात घेतलं. मग कागदावर असं वळणदार अक्षर उतरू लागलं की मी खुर्चीतून उठून पाहू लागलो. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. कुठं खरखर नाही, कुठं अडखळ नाही. 

"त्यात काय," म्हणत व्यापाऱ्यांनी पेन घेतलं. निब कागदात रुतली. मी लिहून पाहिलं तर कागद फाटला. सराफाचं भिंग लावलं तेव्हा निबेचं टोक एका अंगानं झिजून तिरकं झालेलं दिसलं, डाव्या हाताच्या कलाला बरोब्बर बसेल असं.

"तुमच्या घरी या पेनानं कोण लिहायचं?" मी व्यापाऱ्यांना विचारलं.

"कुणीच नाही. आजोबांची आठवण, कपाटातच असायचं."

हे बोलले आणि त्यांनीच भिंग मागून निब पुन्हा पाहिली. त्यांचं पेन असंच दिसणारं असेल, पण कपाटात निब झिजत नाही.

म्हातारीनं मग सांगितलं. तिचा बाप निजामाच्या काळात एका मुन्सफाकडे, म्हणजे न्यायाधीशाकडे, चाकरीला होता. राज्य गेलं, साहेब हैदराबादला निघाला आणि जाताना पेन देऊन गेला. बापाला अक्षर येत नव्हतं.

"बाप म्हणला, घरात पहिलं जे शिकंल त्याचं पेन. भाऊ दोन व्हते, पण आधी मी शिकले. आमी बौद्ध झालो त्याच साली. वस्तीतल्या समद्यांचे अर्ज, कागद मीच लिवले."

व्यापाऱ्यांनी आपलं पेन हे नाही असा जबाब दिला, कामगार सुटला. त्यांच्या पेनाचा पत्ता पुढंही लागला नाही. कोर्टाची परवानगी आल्यावर म्हातारीला पेन परत दिलं, कडीला डाग देऊन. त्याचे पैसे सराफानं घेतले नाहीत. पावतीवर तिनं त्याच पेनानं सही केली. मी ती सही बघत उभाच राहिलो. सोनं मी पोत्यानं पकडलं आहे, पण एखाद्या वस्तूपुढं असं उभं राहावंसं दुसऱ्यांदा कधी वाटलं नाही.

माणसाकडे बघून त्याचा हात ओळखता येत नाही, एवढं मी तिच्याकडून शिकलो. त्या दिवशी शाईचं पॅड उचलून मी खणात टाकलं आणि सगळ्यांना बजावलं, येईल त्याच्यापुढं आधी पेन ठेवायचं. पुढं बदली होऊन गेलो तिथंही हेच.

काही दिवसांनी बैल हरवल्याची तक्रार घेऊन एक म्हातारबाबा आले. जमादारांनी पेन पुढं केलं. बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं.

"येत न्हाई, बापा," ते अंगठा पुढं करत म्हणाले. "पर इचारलंस, बरं वाटलं."