शहाळं घेऊन येणारे सर

आमच्या जळगावच्या गल्लीत एक सर राहतात. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते तर्काचे प्रश्न शिकवतात. काही सांगायचं असलं की आधी बोट उचलतात, मग तोंड उघडतात. कोणी आजारी पडलं तर शहाळं घेऊन जातात आणि उशाशी गप्प बसतात. आजवर ते तीन घरी गेले. तिन्ही घरचं आजारी माणूस आठवड्याच्या आत गेलं.

मी त्यांना तोंडावरच विचारलं. त्यांनी बोट उचललं.

"अक्का, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. दुखणं हाताबाहेर गेलेलं असतं, म्हणून मी भेटायला जातो. मी गेल्यामुळे कोणी मरत नाही."

मी चौथी शिकलेली. पण मला ते पटलं.

पुढे माझ्या नवऱ्याला, नानांना, ताप आला. पाच दिवस सर फिरकले नाहीत. सहाव्या दिवशी ताप उतरला. नाना खाटेवर बसून भाकरी खात होते, तेवढ्यात दारात सर दिसले. हातात शहाळं, चपला काढलेल्या.

"यासले आते बरं शे. तुम्ही घर जा," म्हणत मी दार लावलं. फटीतून पाहिलं. सरांनी बोट उचललं होतं.

नाना आज हिंडतात-फिरतात. मी दार लावलं म्हणून वाचले, की वाचणारच होते, हे सरांनाच विचारायला हवं. पण त्यांना घरी बोलवायचं धाडस होत नाही.