सड्याची हद्द

धुकं असं उतरलं होतं, की कार्ल्याचा डोंगर सोडाच, देवळाचा कळसही कुणी उचलून नेल्यासारखा गायब. पत्र्यांवरून दव ठिबकत होतं. हौशीराम कोतवालानं कानाला मफलर बांधला, फक्कीची अर्धी गोणी सायकलीला लावली आणि आखणीवर शेवटची नजर टाकायला निघाला.

गेले दोन दिवस त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. ड्रोननं गावठाणाची मोजणी होणार, प्रत्येकाला आपल्या घराचा सरकारी कागद मिळणार. त्यासाठी घराघराची हद्द पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर आखायची, म्हणजे ती वरून दिसते. गावात पांढरी रेघ मारायची म्हटली की हात हौशीरामाचाच; मग ते क्रिकेटचं मैदान असो, नाहीतर पोलीस भरतीच्या पोरांचा पळायचा पट्टा. त्यातून वरून दिसणाऱ्या गावाचं त्याला लहानपणापासून वेड. डोंगरावर शेरडं राखताना तासन् तास खाली बघत बसायचा. घारीला दिसतं तसं गाव त्याच्या डोळ्यांपुढं कायम पसरलेलं असे. फक्त घारीला भांडणं ऐकू येत नसावीत. एकेका रेघेला दोन-दोन तास लागले होते. वीतभर जागेपायी अंबाजीनं शेजारच्या रखमाजीच्या तीन पिढ्या उकरून काढल्या होत्या.

पहिल्या आळीत शिरला आणि त्याची सायकल थांबली. रेघ नव्हती. पुढच्या दारात नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. जिकडंतिकडं ओला शेणसडा, त्यावर कमळं, मोर, आणि एके ठिकाणी चक्क ‘सुस्वागतम्’.

“आगं सारिका, रेघ कुटं गेली?”

“ती पांढरी घाण व्हय? झाडून सडा टाकला की.” रखमाजीच्या सारिकानं मोराचं शेपूट काही सोडलं नाही. “काल तुमीच माईकवर वरडत हुता न्हवं, आबा? आभाळातनं फोटू निघनार, गाव कसं नटलं पायजे!”

ओरडला होता खरा. दवंडीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘आखणी पुसू नये.’ तेही त्यानं वाचलं होतं. पण माईक हातात आला की हौशीरामाला कागद पुरत नसे. नटण्याचं कलम त्याच्या पदरचं.

देवळापुढं देहूरोडची स्नेहल ड्रोनची पेटी उघडून बसली होती. मोजणीचं काम तिच्याकडं.

“काका, साडेनऊला धुकं विरलं की उडवते. आखणी दिसली नाही तर आम्ही पुढच्या गावाला. मग तुमचा नंबर डायरेक्ट पुढच्या वर्षी.”

साडेआठ झाले होते. दोन दिवसांचं काम एका तासात, आणि तीच भांडणं पुन्हा पहिल्यापासून! उन्हाळ्यात हौशीराम निवृत्त होणार होता. त्यानंतर गाव आपल्याला कुठल्या नावानं हाक मारील, हे त्याला आत्ताच ऐकू येऊ लागलं. घरी येऊन तो पायरीवर बसला.

“सुतक आल्यागत काय बसलाय?” बायकोनं, सरुबाईनं, विचारलं. सगळं ऐकल्यावर ती पोट धरून हसली. “पुसली तर पुसली. सडा कुटवर हाय ते बगा की.”

“म्हंजी?”

“दुसरीच्या अंगणात कोन बाई फुकट शेण टाकंल? बोटभर बी न्हाई.”

हौशीराम उठून पळत अंबाजीच्या दारात गेला. खरंच की! एकीचा सडा दाट, दुसरीचा पाणचट, आणि मधे सुतात धरल्यासारखी सांध. ज्या वीतभर जागेपायी तीन पिढ्या निघाल्या, तिथं दोन्ही घरच्या बायका रोज सकाळी नेमक्या एकाच ठिकाणी थांबत होत्या.

मग काय! भोकाचा डबा घेऊन हौशीराम सांधेसांधेनं फक्की सांडत सुटला. अंबाजीनं एकदा तोंड उघडलं, पण सडा त्याच्याच बायकोचा होता. मिटलं.

शेवटी उरलं त्याचं स्वतःचं अंगण. तिथं सांधच नव्हती. शेजारच्या जाहिदामावशींचे गुडघे धरल्यापासून सरुबाई त्यांच्याही अंगणात सडा टाकत होती. एकाच रंगाचा सडा थेट मावशींच्या उंबऱ्यापर्यंत.

“कोतवालानं म्हातारीचं अंगान गिळलं रं!” अंबाजीला संधी सापडली. आळी हसली. हौशीरामाचे कान तापले.

“गिळंना का,” जाहिदामावशी म्हणाल्या. “पेरूसकट घे, हौशीराम. पानं लय पडत्यात. माज्यानं झाडवत न्हाई.”

“वा वा, मावशी!” सरुबाई कडाडली. “पेरू खायाला तुमची नातवंडं, आन जलमभर झाडायचं म्या?”

दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी जमीन दुसऱ्याच्या गळ्यात घालत होतं. धुक्यातून कळस दिसू लागला. हौशीरामानं खराटा उचलून मावशींच्या हातात दिला.

“मावशी, नवीन लगीन होऊन आलता तवा झाडायच्या तसं झाडा.”

मावशी पुटपुटत वाकल्या. गुडघा कडकन वाजला. पण हात चालू लागला. उंबरा, न्हाणी, पेरू, आणि पेरूपुढं दोन पावलांवर आपसूक थांबला. खराट्यामागोमाग हौशीरामानं फक्की सोडली.

“पेरू माजाच निगाला की मेला!”

ड्रोन भणभणत वर गेला. स्नेहलच्या स्क्रीनवर ताटात वड्या पाडाव्यात तसं गाव दिसत होतं. हौशीराम नाक लावून बघत राहिला.

“आन ह्यो पांढरा ठिपका?”

“तुम्ही, काका. फक्कीनं माखलाय म्हणून तरी दिसताय.”

“अहो, ठिपकं!” मागून सरुबाई ओरडली. “म्हस वरडतीया. वैरण कोन घालनार?”

हौशीरामानं हात पँटला पुसले आणि कडब्याच्या उडवीतनं दोन पेंढ्या ओढायला गेला.